गुरुवारची बारा कालवं

गुरुवार, २४ एप्रिल

दुपारचे साडेतीन. शेवटचं टेबल उठलं, शटर अर्धं खाली ओढलंय. अनुया म्हणाली, डोक्यात जे चालतं ते लिहून काढत जा, नाहीतर ते तुझ्या तोंडावर दिसतं आणि गिऱ्हाईकाला कळतं. म्हणून ही वही.

पाडव्याला 'ओहोटी' उघडलं. तळ्यामागच्या गल्लीत आठ टेबलं आणि भिंतीशी उंच स्टुलांचा एक काउंटर. बोंबील, खेकडे, तिसऱ्यांचं सुकं हे सगळं माझं. काउंटर अनुयाचा. तिथे बर्फावर कच्ची कालवं मांडलेली असतात, समोर उघडून द्यायची, वर लिंबू आणि कोकमाचं तिखट पाणी. अनुयानं हॉटेल मॅनेजमेंट केलंय, चार वर्षं जहाजावर काम केलंय. तिकडे लोक अशीच गिळतात म्हणे. खारघरची पोरंपोरी येतात, आधी फोटो काढतात, मग डोळे मिटून गिळतात.

मी करंजाची. परकर वर खोचून खडकावरची कालवं फोडत मोठी झाले. पण आमच्याकडे ती शिजवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. रोज सकाळी पहिल्या कालवाच्या फटीत सुरी घालण्याआधी मी देवाचं नाव घेते. हे अनुयाला सांगितलेलं नाही.

मंगळवार, २९ एप्रिल

आई आली होती. कृष्णाबाई कुठेही गेली तरी आधी मोरीत डोकावते, मग चुलीपाशी, मग माणसांकडे बघते. काउंटरपाशी बराच वेळ उभी राहिली. एक पोरगी कालव गिळत होती, आई तिच्याकडे टक लावून बघत होती. मला लाज वाटली.

निघताना म्हणाली, "आमी कवा कच्ची खाल्ली नाय. त्यात या दिसांत पानी कडत हाय. लोकान्ला शिजवून दे."

मी म्हटलं, आई, बर्फात ठेवतो आम्ही.  रिक्षात बसताना तिनं फक्त माझा हात दाबला. त्यापेक्षा भांडली असती तर बरं.

गुरुवार, १ मे

सुट्टीमुळे तुफान गर्दी. तरी चार वाजता एफ्राइमकाका आलेच. हे आमचे गुरुवारचे गिऱ्हाईक. अडुसष्ट वर्षांचे, सरकारी खात्यातले निवृत्त ड्राफ्ट्समन, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत लायब्ररीची दोन पुस्तकं. रस्त्याकडे पाठ करून शेवटच्या स्टुलावर बसतात आणि सहा कालवं मागवतात. सकाळी फोन करून विचारतात, "आलीत का?" एवढंच, नाव न घेता.

आज गर्दी ओसरल्यावर बोलत बसले. त्यांच्यात खवलं आणि पर असलेलाच मासा चालतो. कोळंबी नाही, खेकडा नाही, कालवं तर नाहीच. बायको, रेचल, फार कसोशीनं पाळते. ती गुरुवारी चार ते सहा खारघरला बहिणीकडे जाते, तेव्हा हे इकडे येतात. नऊ वर्षांचे असताना नागावला शाळासोबत्यांबरोबर खडकावर एकदा कालव खाल्लं होतं. वडिलांना कळलं. त्यांनी विहिरीवर नेलं आणि चूळ भरायला लावली. त्यानंतर एकोणसाठ वर्षांनी आमच्या काउंटरवर.

मी विचारलं, मग आताच का? म्हणाले, "दोन महिन्यांपूर्वी रिपोर्ट आले. लिव्हर थकलंय म्हणतात. म्हटलं, ते सुट्टीवर जायच्या आधी मनासारखं खाऊन घ्यावं." आणि हसले. मीही हसले. डोळे जरा पिवळट दिसले त्यांचे. मी सांगितलं, काका, उसाचा रस प्या, ऊन बाधलंय. गुणी माणूस आहे. ते येतात तेव्हा भीती जरा कमी होते माझी.

मंगळवार, ६ मे

काही नाही. गरम होतंय. बर्फ दुपारपर्यंत टिकत नाही.

गुरुवार, ८ मे

माल नऊला यायचा तो साडेअकराला आला. टेम्पो उरण रस्त्यावर बंद पडला होता. खोक्यातल्या बर्फाचं पाणी झालेलं, गोणपाट कोमट. मी म्हटलं, आज काउंटर नको, सगळं रश्शात घालते. अनुयानं एक कालव उघडून हुंगलं, म्हणाली समुद्राचाच वास आहे, उगाच घाबरू नकोस. संध्याकाळचं बुकिंग होतं. मग नव्या बर्फात घातली.

काका चारला आले. आज बारा मागितली. कसली तरी खुशी होती, विचारलं नाही. नववं की दहावं कालव होतं, त्याचं तोंड किंचित उघडं होतं. टिचकी मारली, जिवंत असेल तर झटकन मिटतं. मिटलं, पण सावकाश. माझा हात थांबला. काका बोलता बोलता माझ्याकडे बघत होते. आता टाकून दिलं तर कसं दिसेल, असं वाटलं आणि मी ते उघडून दिलं.

त्यांनी ते खाल्लं. छान आहे म्हणाले.

हे लिहायला नको होतं. पण लिहिलं.

शनिवार, १० मे, सकाळी अकरा

दुपारची तयारी सोडून वही उघडलीय.

दहाला फोन वाजला. एफ्राइमकाकांचा नंबर. मी म्हटलं, काका, आज शनिवारी कसे? पलीकडून बाईचा आवाज. "मी त्यांची मिसेस बोलतेय, रेचल. तुम्ही लायब्ररीतल्या मनिषा ना?"

काकांनी माझा नंबर 'लायब्ररी मनिषा' असा ठेवला होता.

त्या म्हणाल्या, कालपासून ते हॉस्पिटलमध्ये आहेत. शुक्रवारी दुपारी थंडी वाजून ताप भरला, संध्याकाळी डावा पाय ठणकायला लागला. आज सकाळी पोटरीवर जांभळा डाग आणि त्यावर फोड. बीपी खाली जातंय. डॉक्टरांना वाटतं काहीतरी चावलं असावं. मग म्हणाल्या, "गुरुवारी ते तुमच्याकडे होते. तिथे काही खाल्लं होतं का त्यांनी?"

मी म्हटलं, "नाही."

 त्या फोन ठेवतील असं वाटलं. ठेवला नाही. "नक्की ना?" असं विचारलं. मी म्हटलं, लायब्ररीत काय खाणार हो.

हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं माहीत नाही. ठरवून खोटं बोलणाऱ्या बाईचं वाक्य आहे ते.

शनिवार, दुपारी दोन

अनुयाला सांगितलं. तिचं म्हणणं, त्या दिवशी चाळीस माणसं जेवली, कोणाचा फोन आला? वय झालंय, आजारी होतेच, पायावर फोड येणं आणि खाणं यांचा काय संबंध? तू डॉक्टर नाहीस, असं तीनदा म्हणाली. बोलता बोलता तिनं गुरुवारचे सगळे क्रेट बाहेर ओढले, उरलेल्या शिंपल्या पोत्यात भरून कचरागाडीत दिल्या, क्रेट फिनेल टाकून धुतले. एरवी ही कामं तिला नको असतात. आज मात्र हातभार लावला म्हणून बरं वाटलं.

पायाचं बरोबर आहे तिचं. खाल्लेलं बाधलं तर उलट्या होतात, जुलाब होतात. पाय कशाला काळा पडेल? हे मी स्वतःला दहा वेळा सांगितलं. दुपारची थाळी वाढली. एका टेबलावर मीठ दोनदा नेऊन ठेवलं.

मग मोबाइलवर शोधलं. कच्ची कालवं, ताप, पाय. इंग्रजी सगळं कळलं नाही, फोटो कळले. तसाच जांभळा पाय. खाली लिहिलं होतं, लिव्हरचा आजार असेल तर. आणि उपचाराला किती वेळ असतो त्याचा आकडा. दिवसांचा नाही, तासांचा.

लिव्हर थकलंय म्हणाले होते. मी त्यांना उसाचा रस सांगितला.

आता जाऊन सांगितलं तर हॉटेल संपलं. पोलीस येतील. करंजाला आईच्या दारात लोक जमतील. नाही सांगितलं आणि ते आपोआप बरे झाले तर कोणाला काही कळणारही नाही. सव्वादोन झाले. त्या फोनला चार तास झाले.

रविवार, ११ मे

काल चारला हॉस्पिटलमध्ये पोचले. रिक्षावाल्याला दोनदा चुकीचं नाव सांगितलं. 

आयसीयूच्या बाहेर बाकावर एकच बाई होती, मोतिया साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मी समोर उभी राहिले. 

म्हटलं, "काकू, मी मनिषा. मी लायब्ररीतली नाही. माझं माशांचं हॉटेल आहे. गुरुवारी चार वाजता काकांनी बारा कालवं खाल्ली. कच्ची. सकाळी मी खोटं बोलले."

मला वाटलं त्या ओरडतील. थोबाडीत मारतील. मारली असती तर चाललं असतं. त्या उठल्या, माझं मनगट धरलं आणि जवळजवळ ओढतच मला काचेच्या दारापलीकडे डॉक्टरांसमोर उभं केलं. "हिला ऐका," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी किती, किती वाजता, माल कुठला, बर्फ होता का, सगळं विचारलं. मी टेम्पोचंही सांगितलं, त्या सावकाश मिटलेल्या कालवाचंही. ते लिहीत होते ते थांबले, आत कोणाला तरी दोन औषधांची नावं सांगितली, ताबडतोब म्हणाले, आणि सर्जनना फोन लावला. मग माझ्याकडे वळून विचारलं, हे सकाळी का नाही सांगितलं? उत्तराची वाट न बघता आत गेले.

पाच वाजता पाय उघडून साफ करायला नेलं.

आज पुन्हा गेले. अजून शुद्ध नाही. काकूंनी मला जा म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्यांच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला, तिकडे अशदोदला सकाळ होती. दोघी रडल्या. फोन ठेवल्यावर काकूंनी सांगितलं, एकुलती एक बहीण, दोन वर्षांपूर्वी खारघरचं घर विकून इस्राएलला गेली.

मग त्या दर गुरुवारी चार ते सहा कुठे जात होत्या? माझ्या ऐकण्यात काही चूक झाली असेल. विचारायची हिंमत झाली नाही.

सोमवार, १२ मे

हॉटेल बंद ठेवलं. बुकिंगच्या वहीत आणि मोबाइलमध्ये मिळाले तेवढे नंबर काढले, गुरुवारी आणि शुक्रवारी काउंटरवर बसलेल्यांचे. तेवीस. एकेकाला फोन केला. 'ओहोटी'तून बोलतेय, तुम्ही कच्ची कालवं खाल्ली होती, ताप किंवा पायाला सूज असेल तर लगेच डॉक्टरकडे जा आणि कालवांचं सांगा.  आठव्याला एकानं शिव्या दिल्या. एका मुलीचं पोट दोन दिवस बिघडलं होतं, आता बरी आहे. बाकी ठीक. दोघांनी उचलला नाही, त्यांना मेसेज टाकले आणि दर तासाला बघत बसले. संध्याकाळी दोघांचीही उत्तरं आली. तेव्हा कुठे पाणी प्यायले.

अन्न निरीक्षकांनाही मीच कळवलं. ते दुपारी आले, गुरुवारच्या मालातलं काही शिल्लक आहे का विचारलं. मी म्हटलं नाही, शनिवारीच सगळं धुऊन काढलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. अनुया खाली मान घालून नॅपकिनच्या घड्या करत होती. घाबरली असेल बिचारी.

बुधवार, १४ मे

डावा पाय गुडघ्याखाली काढला.

रक्ताच्या तपासणीत कच्च्या कालवांतून येणारा जंतू सापडला. उन्हाळ्यात कोमट खाऱ्या पाण्यात वाढतो, ताज्या मालातही असू शकतो, वास येत नाही, चव बदलत नाही. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. डॉक्टरांनी हे शांतपणे सांगितलं. मी विचारलं, ते सावकाश मिटलेलं कालव असेल का? म्हणाले, ते कोणालाच सांगता येणार नाही. आणि सकाळीच सांगितलं असतं तर? म्हणाले, तेही नाही सांगता येणार.

ते दुसरं जास्त वाईट आहे.

शनिवार, १७ मे

काका शुद्धीवर आले. मी आत गेले नाही. काचेतून पाहिलं. पांघरूण एका बाजूला सपाट होतं.

अनुया नाशिकला आईकडे गेली. फोनवर म्हणाली, मनिषा, तू एकटीनं ठरवलंस सगळं. खरं आहे. मी तिला विचारलं नव्हतं.

आई करंजाहून येऊन राहिलीय.  सकाळी पेज करते, समोर बसून संपवायला लावते. काल पहिल्यांदा झोप लागली.

सोमवार, २६ मे

निरीक्षकांचं पत्र आलं. कच्चं काही वाढायचं नाही, स्वयंपाकघर पुन्हा तपासून मगच उघडायचं. काकूंनी तक्रार दिलेली नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, त्या बाई स्वतः येऊन बोलल्या. हे मला डॉक्टरांकडून कळलं.

काउंटर सुतारानं काढून नेला. भिंतीवर स्टुलांच्या उंचीला पुसट डाग राहिलेत.

रोज वाटतं, काकांना सांगायला हवं. त्यांना इतकंच माहीत आहे की मी धावत आले आणि त्यांचा जीव वाचला. काल घरी सोडलं त्यांना. काकूंचा निरोप आला, ते आठवण काढतात, रविवारी ये. त्यांच्या तोंडून माझे आभार मला ऐकायचे नाहीत.

रविवार, १ जून

जाऊन आले. आठवतंय तोवर लिहिते.

तिसऱ्या मजल्यावरचं घर, दाराच्या चौकटीला मेझूझा, त्यांच्या प्रार्थनेची छोटी डबी. दार काकूंनी उघडलं. आतून काकांचा आवाज आला, "आमची लायब्ररी आली का?" आवाज बारीक झालाय, पण तोच. मी चपला काढल्या. काकू मला आधी स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. ओट्यावर सुरमईचे तुकडे हळद लावून ठेवले होते.

मी म्हटलं, काकू, मी आज त्यांना सांगणार आहे. तुम्ही फोन केला तेव्हा मी नाही म्हटलं ते. सहा तास गेले माझ्यामुळे. नंतर तुम्ही मला घरात घेतलं नाही तरी चालेल.

काकूंनी गॅस बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शुक्रवारी रात्री डॉक्टरांनी मला विचारलं होतं. बाहेरचं काही खातात का, खेकडे, कालवं, असलं काही? मी म्हटलं, आमच्या घरात ते चालत नाही." पदरानं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिल्या. "खरंच तर बोलले. घरात चालत नाहीच. पण त्यांच्या शर्टांना वास यायचा, मनिषा. शर्ट मीच धुते. बहिणीकडे जाते म्हणून मी गुरुवारी दोन तास बाहेर बसायचे, आणि बहीण खारघरला नाही हे ठाऊक असून ते कधी विचारायचे नाहीत. शनिवारी सकाळी तुझा नंबर लावला, म्हटलं, माझ्या तोंडून नको, हिच्या तोंडून येऊ दे."

 त्यांच्या खांद्याला हात लावावासा वाटला, लावला नाही. त्या माझ्यापेक्षा जास्त घाबरलेल्या होत्या. इतके दिवस मला दिसलंच नव्हतं ते.

"चल," त्या म्हणाल्या. "दोघी मिळूनच सांगू."

काका पलंगावर उशांना टेकून बसले होते. मांडीवर पेपर. काकूंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसल्या. कोणी आधी बोलायचं ते ठरलं नव्हतं. मी सुरुवात केली. टेम्पोपासून सांगितलं, सावकाश मिटलेलं कालव, फोन, माझं 'नाही', ते सहा तास. मग काकूंनी स्वतःचं सांगितलं, एकाच वाक्यात, काकांच्या पांघरुणाकडे बघत.

काकांनी चष्मा काढला. काचा पुसल्या नाहीत, नुसता हातात धरून बसले.

"डॉक्टरांनी आधी मलाच विचारलं होतं," ते म्हणाले. "शुक्रवारी, स्ट्रेचरवरून आत नेताना. कालवं वगैरे खाल्ली का, असं नाव घेऊन विचारलं. तू फॉर्म भरत होतीस, रेचल, पाच पावलांवर. तुला ऐकू गेलं असतं." श्वास घ्यायला थांबले. "मी चांगला शुद्धीत होतो. मी नाही म्हटलं."

काकूंनी हळूहळू मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झालीत असं मागे कधीतरी काका म्हणाले होते. मी उठले, दार ओढून घेतलं आणि चपला हातात घेऊनच जिना उतरले.